कॉलरवरचा कागद

प्रिय बारके,

तुझं पत्र बुधवारी आलं. पाकिटावरचं अक्षर पाहूनच कळलं की तू रागात आहेस. रागावलीस की तू वेलांट्या कागद फाटेस्तोवर ओढतेस, अगदी शाळेपासून. 'माझ्या आजारपणाचा दाखला देऊन तू माझ्या लेकीची नोकरी घालवलीस, सख्खी मावशी असून.' हे एकच वाक्य मी चार दिवस पुन्हा पुन्हा वाचते आहे. ते खरं आहे. मीच त्या कामगार भरतीवाल्याकडे गेले. मीच त्याला म्हटलं की या मुलीच्या आजोबांना दमा होता, आईला आहे, हिला पॅकिंगमध्ये ठेवू नका, उद्या काही झालं तर तुमच्या गळ्याशी येईल. तो घाबरला आणि दुसऱ्या दिवशी त्याने तिला गेटवरूनच परत पाठवलं. ती सरळ माझ्या प्रयोगशाळेच्या दारात येऊन उभी राहिली. "मावशी, मला एकदाही धाप लागलेली नाही. तू असं का सांगितलंस?" मी म्हटलं, "नंतर बोलू." ती मान हलवून निघून गेली. नंतर काही ती आली नाही, आणि तिचं बरोबरच आहे.

तू फोन उचलत नाहीस. उचललास तरी हे मला फोनवर सांगता आलं नसतं. मी मधेच गप्प झाले असते, तू 'हॅलो, हॅलो' करत राहिली असतीस आणि तुला खोकल्याची उबळ आली असती. म्हणून लिहिते आहे. उभ्याने वाचू नकोस. पंप हाताशी ठेव आणि बसून वाच.

तू माझ्याकडे राहायला आलीस ते दिवस मला लख्ख आठवतात. तुझ्या नवऱ्याने दुसरं बिऱ्हाड थाटलं आणि तू वर्षाची लेक कडेवर, एक बॅग हातात, अशी माझ्या दोन खोल्यांच्या दारात उभी राहिलीस. रडली नाहीस. "थोरले, मला लोळत ठेवू नकोस, काम दे," एवढंच म्हणालीस. मी तेव्हा कारखान्यात नुसती केमिस्ट होते. तरी साहेबांकडे जाऊन तुझ्यासाठी शब्द टाकला आणि आठवड्यात तू पॅकिंगमध्ये लागलीस. किती ऐट होती मला! माझ्या शब्दाला वजन आहे, हे मी मनातल्या मनात दहादा म्हणून घेतलं.

पहिल्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी तुला प्रयोगशाळेत नेलं. आपण काय बनवतो ते तुला कळायला हवं, असं मला वाटलं. मक्याचा स्टार्च पाण्यात शिजवून मी चमचा उभा राहील इतकी दाट खळ केली आणि त्यात आपली भुरकट पावडर चिमूटभर टाकली. तू डोळे मोठे करून बघत होतीस. सात मिनिटांत ती खळ पाण्यासारखी पातळ झाली. मग मी आयोडीनचे थेंब टाकून दाखवले. स्टार्च शाबूत असला की गडद निळा रंग येतो, तो तुटत गेला की जांभळा, मग तांबूस, आणि पार तुटला की नुसता आयोडीनचा पिवळा. म्हटलं, बटाट्याच्या शेतातल्या मातीत एक जिवाणू सापडला. त्याला स्टार्च आवडतो, पण स्टार्चची साखळी इतकी लांब की त्याच्या पोटात मावत नाही. म्हणून तो एन्झाइम अंगाबाहेर सोडतो, ते एन्झाइम साखळीचे तुकडे करून त्यांची साखर करतं आणि मग तो ती साखर आत घेतो. आपण तो जिवाणू मोठमोठ्या टाक्यांत वाढवतो, त्याचं एन्झाइम गाळून घेतो, वाळवतो आणि विकतो. शेजारचा कारखाना ते वापरून मक्यापासून ग्लुकोज करतो. औषधांत, बिस्किटांत, सलाइनच्या बाटलीत जाते ती ही साखर. तू नीट ऐकून घेतलंस आणि म्हणालीस, "म्हणजे आपण जंतूची लाळ विकतो!" त्या दिवसापासून सगळ्या पॅकिंगमध्ये त्या पावडरीचं नाव लाळ पडलं. साहेबांसमोरसुद्धा एकदा कोणीतरी 'आज लाळेची चाळीस पोती झाली' असं बोलून गेलं होतं.

मला ते काम मनापासून आवडायचं, बारके. खोटं का सांगू. डोळ्यांना न दिसणारा एक जीव, आणि त्याच्या एवढ्याशा सामानावर आजाऱ्याच्या शिरेत साखर पोचते. देवधर्म मला कधी जमला नाही, पण टाकीच्या काचेच्या खिडकीतून तो फेसाळणारा रस्सा बघताना हात जोडायचेच राहिले होते, इतकंच.

तुझी जागा नळीच्या तोंडाशी होती. ड्रायरमधून गरम पावडर नळीने खाली यायची, तू पोतं धरायचीस, भरलं की नळी बाजूला करायचीस, आणि दर वेळी भस्सकन एक लोट तुझ्या तोंडावर यायचा. तुझ्या शेजारी काट्यावर पोतं तोलणारी ती उंच बाई, जिला सगळ्या काटेवाली म्हणायच्या. पावडर उडते म्हणून पंखा लावायचा नाही, आणि पंखा नाही म्हणून घामावर पावडर बसायची. नाकाला बांधायला प्रत्येकीचं आपापलं फडकं. सुट्टी झाली की तुमच्या अठराजणींच्या पापण्या म्हाताऱ्या झालेल्या असायच्या. तू साहेबांच्या चालीची नक्कल करायचीस, काटेवाली इतकी हसायची की काट्याचा आकडा हलायचा. तुझा आवाज पार माझ्या टेबलापर्यंत यायचा.

तिसऱ्या वर्षी तुला शिंका सुरू झाल्या. मग डोळे चुरचुरायला लागले. मग छाती. सोमवारी दुपारपासून घरघर लागायची, शुक्रवारपर्यंत तुला जिना चढवत नसे, आणि रविवारी तू ठणठणीत. "मला कामाची ॲलर्जी आहे," असं तू सगळ्यांना सांगायचीस आणि सगळे हसायचे. मीही हसले. तू मांजर दूधवाल्याला देऊन टाकलंस. तुझी लेक दोन दिवस जेवली नाही. तू कापसाची गादी काढून चटईवर झोपायला लागलीस, भिंती घासल्यास, स्टोव्ह गॅलरीत नेलास. घरातली एकेक वस्तू तू आरोपीसारखी उभी केलीस आणि बाहेर काढलीस. मी तुला सगळ्यात मदत केली. मांजराची टोपली मीच धरली होती.

मग आपण त्या छातीच्या डॉक्टरांकडे गेलो, आठवतं? वरच्या मजल्यावर, जिन्यात तू तीनदा बसलीस. त्यांनी तुझी छाती तपासली, नळीत फुंकायला लावलं आणि विचारलं, "काम काय करता?" तुला बोलायला श्वास पुरत नव्हता. तू माझ्याकडे पाहिलंस. मी म्हटलं, "पॅकिंगमध्ये आहे. खाण्याच्या वस्तूंत घालतात त्या पावडरीच्या." ते म्हणाले, "धूळ असते का तिथे?" मी म्हटलं, "फारशी नाही. हवा मी स्वतः मोजते." आणि लगेच पुढे म्हटलं, "आमच्या वडिलांना दमा होता." त्यांनी मान डोलावली आणि कागदावर लिहिलं, घराण्यातला आजार. परत येताना तू जिन्यात माझा हात घट्ट धरून म्हणालीस, "बाबांनी मला नाक दिलं, आता छातीही दिली. तुला मात्र सगळं चांगलं दिलं." बाबा आयुष्यभर दिवसाला दोन पाकिटं ओढत होते, बारके. त्यांची छाती तंबाखूने गेली. ती तुझ्यात यायचं काही कारण नव्हतं. हे मला त्या जिन्यातही माहीत होतं.

आता त्याच्या आधीच्या आठवड्यात काय झालं ते सांगते. ते परवापर्यंत मी कोणालाच सांगितलेलं नव्हतं.

परदेशी गिऱ्हाइकांनी अट घातली होती की पॅकिंगमधली हवा मोजलेली असली पाहिजे. त्यासाठी दोन यंत्रं आली, साबणाच्या वडीएवढी. एकेक यंत्र कमरेला लावायचं, त्याची नळी खांद्यावरून पुढे आणायची आणि कॉलरला चिमट्याने अडकवायची. नळीच्या टोकाला नाण्याएवढा गोल कागद. माणूस जी हवा नाकाने घेतो तीच हवा त्या कागदातून जाते आणि धूळ कागदावर राहते. पहिलं यंत्र मी तुलाच लावलं. तू दिवसभर मिरवलंस, "मला बिल्ला मिळाला" म्हणून. दुसरं काटेवालीला लावलं. संध्याकाळी मी तुमचे कागद पाण्यात धुतले आणि ते पाणी स्टार्चमध्ये घालून आयोडीन टाकलं. पावडर किती आहे हे तो निळा रंग किती वेळ टिकतो त्यावरून कळतं. स्वच्छ हवेचा कागद असेल तर रंग तासन्‌तास हलत नाही. मी घड्याळ लावून हात धुवायला गेले आणि परत आले तर तुझ्या परीक्षानळीतला निळा जांभळ्यावर आला होता. अठराव्या मिनिटाला पिवळा. मला वाटलं माझंच काहीतरी चुकलं. उरलेल्या पाण्यातून पुन्हा केलं. पुन्हा अठरा. काटेवालीचाही तसाच. मी हिशेब मांडला. ठरवून दिलेल्या मर्यादेच्या चाळीस पट. आणि त्या यंत्रांबरोबर आलेल्या पुस्तिकेत लिहिलं होतं की ही धूळ रोज छातीत गेली तर काहींना दमा जडतो. सुरुवातीला शिंका, डोळे, मग छाती. कामाच्या दिवशी त्रास, सुट्टीला आराम. वेळीच बाजूला काढलं तर माणूस बरा होतो. उशीर केला तर होत नाही. मी ते उभ्या उभ्या वाचलं, आणि वाचताना मला तुझाच सोमवार ते रविवार दिसत होता.

मी आकडे घेऊन साहेबांकडे गेले. ते ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं, मीही ओरडले असते. त्यांनी मला बसवलं, पाणी मागवलं आणि म्हणाले, "बाई, हा कागद मी वर पाठवला तर उद्या पॅकिंगला कुलूप. अठरा बायका घरी. त्यात तुमची बहीण. तिचं तर कोणीच नाही." मग म्हणाले, "तुमचा त्या दिवसाचा नमुना बिघडला असेल. बुधवारी परत घ्या. ड्रायर बंद ठेवून धुतात त्या दिवशी."

मी बुधवारी परत घेतला. यंत्र कोणाच्या कॉलरला लावलं नाही, दारालगतच्या खिळ्याला टांगलं. निळा रंग दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत तसाच होता. तो आकडा मी अहवालात लिहिला आणि खाली सही केली. त्यानंतर दर सहा महिन्यांनी एक बुधवार, तोच खिळा, तीच सही. सोळा वर्षं. त्यातल्या पहिल्याच वर्षाअखेर मी प्रयोगशाळेची प्रमुख झाले. बढती माझी ठरलेलीच होती, तिचा याच्याशी संबंध नाही, असं मी इतक्या वेळा स्वतःला सांगितलं की आता खरं काय ते मलाही सांगता येणार नाही. पण अठरा बायकांची काळजी मी करत होते, हे मात्र खोटं. मी माझी करत होते. मला खिडकीची केबिन हवी होती आणि भांडण नको होतं.

तू अजून सहा वर्षं त्या नळीच्या तोंडाशी उभी राहिलीस. तिसऱ्या वर्षी सुटली असतीस तर आज तू जिना चढली असतीस. हे वाक्य मी तीनदा खोडलं आणि चौथ्यांदा ठेवते आहे. तुला वाचायचं नसेल, पण मला ते कुठेतरी लिहायलाच हवं होतं. शेवटी तुला काम झेपेना तेव्हा डॉक्टरांनी कोरडी हवा सांगितली आणि तू लेकीला घेऊन आता राहतेस त्या गावी गेलीस. मी दर महिन्याला पंप आणि गोळ्या पाठवत राहिले. तू प्रत्येक पत्रात लिहायचीस, 'थोरले, तू नसतीस तर माझं काय झालं असतं.' ती पत्रं मी एकदाच वाचायचे.

तू काम सोडल्यावर दोन वर्षांनी काटेवाली गेली. बसस्टॉपवर, बस येताना दिसली म्हणून चार पावलं धावली आणि बसली ती उठलीच नाही. मी तुला 'हार्टने गेली' असं कळवलं होतं. भेटायला मी तिच्या घरी गेले. तिचा नवरा घड्याळं दुरुस्त करतो. डोळ्याला लावायचं भिंग कपाळावर तसंच सरकवलेलं होतं, काढायचं भान नव्हतं. त्याने मला विचारलं, "बाई, तिथली हवा तुम्हीच मोजता ना? चांगली होती ना हवा?" मी म्हटलं, "हो." तो म्हणाला, "मग तिचंच नशीब." पण घड्याळ दुरुस्त करणारा माणूस तो, न जुळणारं काही त्याला सोडवत नाही. आठ वर्षं तो तुमच्याबरोबरच्या बायकांच्या घरी फिरतो आहे. कोण कधी लागली, कोणाला कधी खोकला सुरू झाला, कोण कधी गेली. अठरापैकी सात जणींचं सारखंच निघालं. त्याने सरकारी कामगार खात्याकडे तक्रार केली. दोनदा फेटाळली गेली, माझ्याच अहवालांवरून. आता तिसऱ्यांदा चौकशी लागली आहे.

आणि याच सुमारास मी एका सोमवारी पॅकिंगमध्ये गेले तर नळीच्या तोंडाशी तुझी लेक उभी, गावाहून येऊन परस्पर भरती झालेली. नाकाला फडकं, पापण्या पांढऱ्या, आणि ते फडकं खाली ओढून हसली. "मावशी, आईने सांगितलं होतं तुला कळू देऊ नकोस, आश्चर्याचा धक्का द्यायचा आहे म्हणून." तुला वाटलं होतं मला आनंद होईल. चूक तुझी नाही. ती जागा चांगली आहे असंच मी तुला वीस वर्षं सांगत आले.

मी त्याच दिवशी तिचा हात धरून तिला बाहेर काढायला हवं होतं. मी पाच आठवडे काढले. पाच आठवडे मी विचार करत होते की काही न सांगता हे कसं जमेल. सहाव्या सोमवारी ती डबा खायला माझ्या केबिनमध्ये आली तेव्हा डोळे लाल होते आणि बोलता बोलता तिला लागोपाठ नऊ शिंका आल्या. मी मोजल्या. ती हसून म्हणाली, "रविवारी एकदम बरी होते गं." मी डबा तसाच टाकून भरतीवाल्याकडे गेले. तिथेही माझ्या तोंडून खरं निघालं नाही. खरं सांगितलं असतं तर त्याने विचारलं असतं की तुम्हाला कसं माहीत. बाबांच्या दम्याचं खोटं जुनं होतं, जिभेवर बसलेलं होतं, तेच बाहेर पडलं. लेक वाचली, पण तुझा आजार रक्तातला आहे हे तिच्या मनात मी पुन्हा घट्ट केलं. तिला आधी सांग, तसं काही नाही. तिच्या रक्तात काही नाही. महिनाभर ती पावडरीपासून लांब राहिली की नाक आपोआप थांबेल. न थांबलं तर छातीच्या डॉक्टरांना दाखव आणि त्यांना कामाचं नाव स्पष्ट सांग.

येत्या गुरुवारी चौकशीत माझा जबाब आहे. पहिल्या मोजमापाचं पान मी कधी फाडलं नव्हतं. का ते मला माहीत नाही, हिंमत म्हणून नक्कीच नाही. ते परवा मी चौकशी अधिकाऱ्याच्या हातात दिलं, खिळ्याचं सांगितलं, बुधवारचं सांगितलं. राजीनामा टेबलावर ठेवून आले आहे, साहेब तो घेणार नाहीत, काढूनच टाकतील. गुरुवारी ते विचारतील की कागद कोणाच्या कॉलरवरचा होता, आणि मी तुझं नाव घेईन. शुक्रवारी ते पेपरात येईल. तुला हे पेपरवाल्याकडून किंवा शेजारणीकडून कळू नये, माझ्याकडूनच कळावं, म्हणून हे पत्र. माफी मागण्यासाठी नाही. ती मागायची माझी जागा उरलेली नाही. सोबत एक छापील अर्ज पाठवते आहे. आजारी कामगाराने स्वतः भरायचा असतो. तू कधी लागलीस, त्रास कधी सुरू झाला, काम कधी सोडलंस, ते सगळं मी पेन्सिलीने लिहून ठेवलं आहे, तपासून वर शाई फिरव. एकच रकाना कोरा ठेवला आहे, 'तक्रार कोणाविरुद्ध' हा. तिथे साहेबांचं नाव लिही, आणि त्याखाली माझं. पूर्ण नाव लिही, थोरली नाही. हात अडखळू देऊ नकोस, आणि वेलांटी कागद फाटेस्तोवर ओढलीस तरी चालेल.

आजवर तुझीच म्हणवणारी,
थोरली